कुळागरातली एटीव्ही आणि व्हीलीचा हट्ट

वाचकाचं पत्र:

"काका, नमस्कार. मी गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या एका गावात राहतो, वय २२. आमचं तीन एकर कुळागर, म्हणजे नारळ-सुपारीची बाग, आहे आणि वर डोंगराला काजू आहेत. गेल्या चवथीच्या आधी बाबांनी ५७० सीसीची कामाची एटीव्ही, म्हणजे ओझं वाहणारी उघडी चारचाकी, घेतली. नारळ, सुपारी, खत, काजूच्या बिया, फवारणीची टाकी, सगळं आता तिच्यावरच येतं-जातं. रिकाम्या गाडीचं वजन ३३० किलोच्या आसपास आहे. मला तिच्यावर व्हीली मारायला शिकायचंय. बाईकवर मला येते. परदेशातल्या व्हिडिओंत लोक अशाच जड गाडीची पुढची चाकं डोक्याइतकी उचलतात, माझी सपाटीवर हलतसुद्धा नाहीत. मित्र म्हणतात लो गिअर टाक, टू-व्हील ड्राइव्हवर घे, मागच्या कॅरिअरवर दोन पोती ठेव, नाहीतर आम्ही दोघं मागे बसतो. एकजण म्हणतो मोरजीच्या किनाऱ्यावर रेतीत करूया, पडलो तरी लागणार नाही. बाबांना कळलं तर चावी काढून घेतील. ते म्हणतात गिअरबॉक्स जाईल. खरंच जाईल का? आणि चाकं उचलायची बरोबर पद्धत कुठली? टायरमध्ये मी १५ पीएसआय हवा ठेवतो, ती कमी-जास्त करायला हवी का? – स., सत्तरी."

प्रिय स.,

करून बघण्याआधी विचारलंस, हे फार बरं केलंस. आधी सरळ उत्तर देतो: या गाडीवर व्हीली मारू नकोस. रिकामी असताना नको, भरलेली असताना तर नकोच, आणि मागे माणसं बसवून अजिबात नको. पण नुसतं 'नको' म्हणून मी पत्र संपवणार नाही. चाकं केव्हा उठतात आणि केव्हा उठत नाहीत, हे तुला नीट कळायला हवं. कारण तू ठरवून उचलली नाहीस तरी तुमच्या काजूच्या डोंगरावर ती एक दिवस आपसूक उठणार आहेत. त्या वेळी रेस देणाऱ्या तुझ्या अंगठ्याने आणि ब्रेकवरच्या पायाने काय करायचं, हे तुला आधीच माहीत असलं पाहिजे.

तुझी गाडी सपाटीवर हलत नाही यात तुझं काही चुकत नाही. तिची घडणच तशी आहे. अशा गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर साधारण १२८ सेंटिमीटर असतं आणि वजन जवळपास निम्मं-निम्मं वाटलेलं असतं. तू सीटवर नीट बसलेला आहेस असं धरून मी हिशोब मांडला. सगळ्या वजनाचा मध्य मागच्या आसापासून ६२ सेंटिमीटर पुढे आणि जमिनीपासून ५८ सेंटिमीटर वर येतो. पुढची चाकं उठायला मागच्या टायरांनी जमिनीला जो रेटा द्यावा लागतो, तो या दोन आकड्यांच्या भागाकारावर ठरतो. इथे तो १ च्या थोडा वर जातो, म्हणजे गाडीच्या आणि तुझ्या एकूण वजनापेक्षाही थोडा जास्त रेटा. मातीवर, रेतीवर किंवा शेणखताच्या वाटेवर टायरला एवढी पकड मिळतच नाही. म्हणून तू अंगठा दाबतोस तेव्हा मागची चाकं फिरतात, माती उडते आणि नाक खालीच राहतं.

आता मित्रांच्या सूचना याच हिशोबात घालून बघ. लो गिअरने चाकावरचा जोर वाढतो, पकड वाढत नाही. टू-व्हीलवर घेतलीस की सगळा जोर मागच्या चाकांतून जातो, तरी मर्यादा पकडीचीच राहते. खरा फरक पाडतात ती पोती. मागच्या कॅरिअरवर ८० किलो ठेवलेस की वजनाचा मध्य मागे आणि वर सरकतो, आणि तो भागाकार ०.७७ वर उतरतो. सिमेंटच्या वाटेवर किंवा कोरड्या कडक जांभ्यावर एवढी पकड मिळू शकते. पोत्यांऐवजी दोन मित्र बसले, साठ-साठ किलोचे धरू, तर ते पोत्यांपेक्षा उंच बसतात आणि आकडा ०.६३ वर येतो. मग चांगल्या घट्ट मातीवरही चाकं उठतील. मित्र म्हणतात ते या अर्थाने खरं आहे.

पण हाच हिशोब पुढचीही गोष्ट सांगतो, आणि ती त्यांनी तुला सांगितलेली नाही. नाक किती वर गेल्यावर गाडी मागे पडते, तेही याच आकड्यांवर ठरतं. तू एकटा असशील तर तो कोन साधारण ४७ अंश आहे. ८० किलो मागे ठेवलेस की ३८ अंश. दोन मित्र बसले की ३२. लोखंडी कपाट सरकवताना आपण ते मागे कलतं करतो, तेव्हा एका ठिकाणापर्यंत ते परत जागेवर येतं आणि त्यापुढे बोटभर गेलं की धरून राहत नाही. गाडीचंही तसंच होतं. म्हणजे जी युक्ती चाकं उचलायला सोपं करते, तीच उलटण्याचा कोन जवळ आणते. दोन मित्र मागे बसले म्हणून चाकं उठली, तर गाडी पहिली त्या दोघांवर पडणार. त्यांना हे वाचायला दे. कॅरिअरवर माणूस बसवायचा नाही हे गाडीवरच्या स्टिकरवरही लिहिलेलं असतं, आणि ते या कारणासाठी लिहिलेलं असतं.

बाईकवर येते म्हणतोस, त्यावर मी विश्वास ठेवतो. पण बाईकवरची जी सवय तुला वाचवते, ती इथे चालत नाही. बाईकवर क्लच तुझ्या बोटांत असतो, नाक फार वर गेलं की मागचा ब्रेक पायाने हलका दाबलास की ते खाली येतं, आणि अगदीच हाताबाहेर गेलं तर बाईक सोडून तू मागे उभा राहतोस, ती पुढे निघून जाते. तुझ्या एटीव्हीला क्लचचा लिव्हर नाही. बेल्टची गाडी आहे, अंगठा दाबल्यावर बेल्ट पकडेपर्यंत क्षणभर उशीर होतो आणि मग जोर एकदम येतो. सोडल्यावरही तो तुझ्या मनाप्रमाणे हळूहळू कमी होत नाही. पायाचा ब्रेक आहे, पण मागे झुकून हँडल ओढताना पाय फूटबोर्डवर मागे सरकतो आणि पेडलपासून सुटतो. शरीर मागे गेलं की हँडल हाच एक आधार उरतो. तो घट्ट धरताना अंगठा नेमका दाबला जातो, आणि सोडायच्या वेळी आणखी रेस मिळते. शेवटी, मागे उडी मारायला जागा नसते. तुझ्या पाठीमागे कॅरिअर आहे, दोन्ही बाजूंना रुंद टायर आणि मडगार्ड आहेत. बाईक एका रेषेत पडते, ही पूर्ण रुंदीने अंगावर येते.

व्हिडिओतले लोक काय करतात तेही सांगतो. त्यांतल्या बऱ्याच गाड्या ८५० किंवा १००० सीसीच्या असतात, क्लचच्या स्प्रिंगा आणि वजनं बदललेल्या असतात. चालवणारा आधी सस्पेन्शन दाबून नाक उसळवतो, नाहीतर एखाद्या उंचवट्याचा आधार घेतो. आणि नीट बघितलंस तर व्हीलीसाठी गाजलेल्या चारचाकी मुख्यतः वेगळ्या जातीच्या असतात: यामाहाची रॅप्टर, बॅन्शी, होंडाची टीआरएक्स ४५०. त्या दोनशे किलोच्या आत असतात, हाताचा क्लच आणि चेन असते, कॅरिअर नसतो, आणि सराव करणारे मागे लोखंडी दांडा लावतात, म्हणजे ठरावीक कोनापुढे गाडी मागे जातच नाही. तुझी गाडी ओझं वाहायला बनवलेली आहे. दोघींना एटीव्ही म्हणतात म्हणून दोघींवर एकच खेळ चालत नाही.

फोंड्याला माझ्या गॅरेजात एक अशीच गाडी आली होती. मागे उलटलेली. हँडलचं उजवं टोक वाकून टाकीला लागलं होतं, मागच्या कॅरिअरचा आडवा पाइप मधोमध चेपला होता आणि वेल्डिंगच्या फटीत तांबडी माती अशी घट्ट बसली होती की स्क्रू-ड्रायव्हरने कोरून काढावी लागली. सीटच्या मागच्या कडेला माडाच्या झावळीचे तुकडे अडकलेले. चालवणारा तुझ्याच वयाचा. त्याचं गळपट्टीचं हाड मोडलं, पण तो वाचला, कारण तो कुळागरातल्या पाण्याच्या पाटात पडला आणि गाडी पाटाच्या दोन्ही काठांवर आडवी टेकली. त्याच्या छातीच्या आणि गाडीच्या मध्ये वीतभर जागा उरली. गाडी उचलायला चार माणसं आणि एक बांबू लागला. पाट दोन हात पलीकडे असता तर त्या चार माणसांना येईपर्यंत त्याने श्वास कसा घेतला असता?

हे भीती घालायला लिहीत नाही. शेतावर एटीव्हीखाली जाणाऱ्या माणसांचा जीव पुष्कळदा जखमेने जात नाही. छातीवर वजन बसतं, बरगड्या उघडत नाहीत आणि श्वास कोंडतो. अशा वेळी दवाखाना किती लांब आहे याला अर्थच उरत नाही, कारण वेळ मिनिटांचा असतो. तुमच्या डोंगरावर मोबाइलची रेंज कुठवर येते ते तूच आठवून बघ. १०८ ला फोन लागला, गाडी आली, वाळपईहून बांबोळीच्या गोमेकॉ इस्पितळापर्यंत पन्नासेक किलोमीटर, हे सगळं त्यानंतरचं.

ऑस्ट्रेलियात शेतकरी या गाड्या फार वापरतात आणि तिथे माणसं अशीच दगावत होती. म्हणून तिथल्या सरकारने २०१९ मध्ये क्वाडसाठी, म्हणजे अशाच एटीव्हींसाठी, सक्तीचा सुरक्षा नियम केला. ११ ऑक्टोबर २०२१ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या कामाच्या नव्या क्वाडला सीटमागे संरक्षक कमान बसवलेली असलीच पाहिजे, म्हणजे गाडी उलटली तरी खाली माणसाएवढी फट राहावी. पुढे, मागे आणि बाजूला किती कलल्यावर गाडी पडते याचीही किमान मर्यादा ठरवली. होंडा आणि यामाहासारख्या कंपन्यांनी नियम मानण्याऐवजी तिथे क्वाड विकणंच थांबवलं, तरी सरकार मागे हटलं नाही. आपल्याकडे असा नियम नाही. अशी कमान हवी असेल तर विक्रेत्याकडे तुझ्या मॉडेलसाठी तपासून बनवलेली मिळते का ते विचार. गावातल्या वेल्डरकडून पाइप वाकवून मात्र घेऊ नकोस. चुकीची कमान गाडीचं वजन वर नेते, आणि उलटल्यावर तीच छातीत घुसू शकते.

मोरजीचं म्हणशील तर तो विचार पूर्ण सोडून दे. गोव्यात किनाऱ्यावर गाडी घालायला बंदी आहे आणि पोलीस गुन्हा नोंदवतात, पर्यटकांच्या गाड्या पकडल्याच्या बातम्या तू वाचतोसच. त्याहून मोठी गोष्ट ही, की मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग इथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, साधारण नोव्हेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत. घरटं रेतीच्या खाली असतं, वरून दिसत नाही, आणि टायर वरून गेला की संपलं. वन्यजीव कायद्यात हा प्राणी पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे वाघाच्या बरोबरीने. आणि 'रेतीत लागत नाही' हेही खरं नाही. रेतीत तुला वाचवायला पाट नसतो. ३३० किलो वर आले तर रेती फक्त सगळीकडून घट्ट बसते.

रस्त्यावर करायचं मनात असेल तर तेही सांगून टाकतो. आपल्याकडच्या बहुतेक एटीव्हींची आरटीओत नोंदणी होत नाही, त्या सार्वजनिक रस्त्यावर आणताच येत नाहीत. शेतीचा ट्रॅक्टर म्हणून नोंदलेली एखादी असली तरी स्टंट हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली धोकादायक चालवणंच ठरतं. यापुढे यावर काही लिहीत नाही, कारण तुझा मुख्य प्रश्न कायद्याचा नाही.

बाबांच्या गिअरबॉक्सचा प्रश्न. बाबा अर्धे बरोबर आहेत. गिअरबॉक्सच्या आधी बेल्ट जाईल. थांबलेल्या गाडीला एकदम पूर्ण रेस दिली की बेल्ट पुलीवर घसरतो, एकाच जागी तापतो आणि तिथे झिजून सपाट होतो. मग गाडी सुरू होताना धक्के देते, आणि कधीतरी माल भरलेला असताना बेल्ट तुटतो. दुसरं नुकसान नाक खाली आपटताना होतं. पुढच्या बाजूचं दीडशेएक किलो वजन बॉल जॉइंट, टाय रॉड आणि एक्सलच्या सांध्यांवर येतं. हँडल जरा जरी वळलेलं असलं तर टाय रॉड वाकतो आणि गाडी टेकताक्षणी एका बाजूला पळते. फोर-व्हीलच्या सांध्यांवर रबराचे बूट असतात. ते फाटले की आत जांभ्याची बारीक पूड जाते, आणि पावसाळ्यात चिखल. आवाज येईपर्यंत कळत नाही, आणि आवाज आला तेव्हा सांधा गेलेला असतो. बाबांनी गाडी कशी घेतली, कर्ज किती, हे मला माहीत नाही. पण कुळागराच्या उत्पन्नावर अशी गाडी घेणाऱ्या माणसाने बरीच वर्षं आधी विचार केलेला असतो, एवढं मला कळतं.

आता ज्यासाठी मी इतकं लांब लिहितोय, तिकडे येऊ.

काजूच्या डोंगरावर तुझी वाट २० अंशांच्या चढाची आहे असं धरू. वाटेत जांभ्याची ३० सेंटिमीटरची पायरी आली आणि पुढची दोन्ही चाकं तिच्यावर चढली, तर गाडीचा कल आणखी तेरा-साडेतेरा अंशांनी वाढतो. म्हणजे ३३ अंश झाले. मागे ८० किलो असताना पडायचा कोन ३८. राहिले पाच अंश. अशा वेळी पायरी चढावी म्हणून तू अंगठा दाबलास, किंवा मागचं चाक एखाद्या मुळाला अडून एकदम सुटलं, की ते पाच अंश संपतात. तू व्हीली मारायला गेला नव्हतास, बिया आणायला गेला होतास. कंपन्या मॅन्युअलमध्ये चढाची मर्यादा १५ ते २५ अंश देतात, ती उगाच नाही. मागच्या कॅरिअरची मर्यादाही लिहिलेली असते, तुझ्या आकाराच्या गाडीला साधारण ६० ते ८० किलो. पोफळींवर बोर्डो हे बुरशीनाशक फवारायला तुम्ही १०० लिटरची टाकी ठेवत असाल तर ती आधीच मर्यादेबाहेर आहे. आणि अर्धी भरलेली टाकी पूर्ण भरलेल्या टाकीपेक्षा फसवी असते. चढाला लागलं की पाणी मागच्या भिंतीकडे जातं आणि वजनाचा मध्य मागे सरकतो, ते दिसत नाही. टाकी छोटी घे, आत आडवे पडदे असलेली मिळाली तर ती घे, आणि चढावर फेऱ्या वाढव.

चढताना शरीर कुठे ठेवायचं, हे व्हीलीच्या अगदी उलट आहे. पार्श्वभाग सीटवरून उचल, पुढे सरक, छाती हँडलच्या वर आण, गुडघे किंचित वाकलेले, पाय पूर्ण फूटबोर्डवर, उजव्या पायाचा पंजा ब्रेकजवळ. चढ सुरू व्हायच्या आधी लो गिअर आणि फोर-व्हील लाव. लागेल तेवढा वेग पायथ्याशीच घे, मधे रेस वाढवायची वेळ आणू नकोस. अंगठा एकसारखा. पुढच्या कॅरिअरवर थोडं वजन ठेवता येतं, त्याचीही मर्यादा मॅन्युअलमध्ये आहे, साधारण चाळीसेक किलो. त्याचा उपयोग होतो. मार्चपासून काजूखाली वाळका पाला साचतो, त्यावर टायर फिरतो आणि मग खालची माती लागताच एकदम पकडतो. मे अखेरपर्यंत ही वाट झाडून ठेवणं हे गाडी चालवण्याचंच काम समज. पाऊस सुरू झाला की जांभ्यावर शेवाळ धरतं, तेव्हा त्या वाटेने गाडी नेऊच नकोस.

आणि गाडी मधेच थांबली तर? सर्वांत जास्त माणसं इथे चुकतात. घाईने रेस देऊ नकोस. वजन पुढेच ठेव, ब्रेक धरून ठेव. गाडी मागे घरंगळायला लागलीच, तर पायाचा मागचा ब्रेक जोरात दाबू नकोस. मागे जाणाऱ्या गाडीची मागची चाकं अचानक अडली की पुढचं सगळं अंग वर येतं आणि ती तुझ्यावर उलटते. बहुतेक अशा गाड्यांत डाव्या हाताचा एक लिव्हर चारही चाकांना ब्रेक लावतो, काहींत पुढचा ब्रेक वेगळा असतो; तुझ्या गाडीत कुठला काय करतो ते सपाटीवर दहादा करून हातात बसव. घरंगळताना तो हळूहळू, वाढवत दाबायचा. गाडी थांबली की पार्किंग लाव, इंजिन बंद कर, चढाच्या बाजूने उतर. मग माल उतरव, दोर लाव, घरी हाक मार. एकट्याने उलटी उतरवण्याची हिंमत करू नकोस.

याचा सराव तू उद्यापासून करू शकतोस. गाडी रिकामी, हेल्मेट घातलेलं, आयएसआय मार्कचं आणि पूर्ण चेहरा झाकणारं. मोबाइलवर कोन मोजायचं साधं अ‍ॅप असतं, ते जमिनीवर ठेवून दहा-बारा अंशांचा चढ शोध. एकदा सीटवर मागे टेकून हळू चढ, एकदा पुढे येऊन. हँडलमधला फरक तुला पहिल्याच वेळी कळेल: मागे टेकल्यावर हँडल हलकं लागतं, वळवलं तरी नाक ऐकत नाही. ते हलकं लागणं ओळखता आलं की तुला गाडीची भाषा कळली. परदेशातला कसलेला व्हीलीवालाही तेच ओळखतो, फक्त तो तिथून पुढे जातो आणि तू तिथून परत यायचंस. त्या वेळी बाबांना बाजूला उभं राहायला सांग. चावीची भीती बाळगून लपवण्यापेक्षा हे बरं. 'व्हीली मारायची होती, काकांनी नको सांगितलं, चढावर चालवायला नीट शिकतोय', असं तू त्यांना स्वतः सांगितलंस तर ते चावी काढून घेतील असं मला वाटत नाही. उलट टाकीचं आणि वाटेचं तुम्ही दोघं मिळून ठरवू शकाल.

व्हीलीची ओढ तरीही राहिली, तर ती वाईट नाही. तुझ्या वयाला ती असणार. तिच्यासाठी हलकी डर्ट बाईक, बंद ट्रॅक आणि शिकवणारा माणूस हवा. बंगळूरच्या बाजूला अशा प्रशिक्षण शाळा आहेत, तिथे बाईकही त्यांचीच असते, छातीचं, गुडघ्याचं, मानेचं संरक्षण त्यांच्याकडेच मिळतं. मनगटाला बांधायची दोरी मिळते का तेही विचार, पडलास की तिने इंजिन आपोआप बंद होतं. काजूचा हंगाम संपल्यावर दोन दिवस काढ आणि जा. तिथे मनसोक्त मार, आणि कसं झालं ते मला कळव.

राहता राहिली हवा. १५ पीएसआय फार जास्त आहे. अशा गाड्यांच्या रुंद टायरना साधारण ५ ते ७ पीएसआय लागते, नेमका आकडा तुझ्या गाडीवरच्या स्टिकरवर बघ. जास्त हवेने टायर फुगीर होतो, जमिनीला कमी टेकतो आणि प्रत्येक दगडावर उसळतो, म्हणजे नाक आणखी सहज उठतं. पेट्रोल पंपावरच्या मीटरला एवढा लहान आकडा नीट दाखवता येत नाही, म्हणून कमी दाबाचा वेगळा गेज विकत घे. सकाळी गाडी काढण्याआधी, टायर थंड असताना चारही टायर मोज. डाव्या-उजव्यात एका पीएसआयचा फरक असला तरी चढावर गाडी एका बाजूला ओढते.

– तुझा काका